वाट आहे, तीन रस्ते नीट ओलांडू द्या

प्रति,
पेठांतले रस्ते आखणारे, खोदणारे, दुरुस्त करणारे आणि त्यांवरच्या वाहतुकीचं नियमन करणारे सर्व अधिकारी व अभियंते,
पुणे

स. न. वि. वि.

शनिवार पेठेतल्या ओंकारेश्वरापासून सदाशिव पेठेतल्या पेरूगेटापर्यंत पायी जायचं असेल तर मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालायची गरज नाही. नदीकडे पाठ करून आतल्या गल्ल्या आणि बोळ धरायचे. रमणबागेच्या आसपास केळकर रस्ता आडवा येतो. तो ओलांडला की नारायण पेठ. मोदी गणपती, पत्र्या मारुती या बाजूच्या गल्ल्यांतून पुढे गेलं की लक्ष्मी रस्ता आडवा येतो. त्यापलीकडे सदाशिव पेठ, मग कुमठेकर रस्ता, आणि तोही ओलांडला की पेरूगेट हाकेच्या अंतरावर. सगळं मिळून सव्वा ते दीड किलोमीटर. चालत्या पायाच्या माणसाला वीस मिनिटं पुष्कळ झाली.

या वाटेवर तीनच मोठे रस्ते लागतात आणि तिन्ही फक्त ओलांडायचे असतात. प्रत्येकी बारा-तेरा मीटर धरले तरी तिन्ही मिळून चाळीस मीटर होतात. बाकीची वाट शांत आहे, भर दुपारीही इमारतींच्या सावलीतली आहे, आणि नवीन एक इंचही जागा संपादन न करता चालण्याजोगी करता येण्यासारखी आहे. हे चाळीस मीटर धड नाहीत म्हणून माणसं ही वाट सोडतात, पाच मिनिटांच्या कामाला दुचाकी काढतात, आणि ती दुचाकी शेवटी याच बोळात आणून लावतात. हे पत्र त्या चाळीस मीटरांबद्दल आहे आणि त्यांच्या दोन्ही टोकांना जे होतं त्याबद्दल आहे.

या वाटेवर कोण चालतं ते आधी सांगू द्या, कारण कोणत्याही आराखड्यात ही माणसं दिसत नाहीत. सकाळी रमणबाग, अहिल्यादेवी, भावे स्कूल अशा शाळांची मुलं पाठीवर दप्तर घेऊन निघतात. त्याच वेळेला ओंकारेश्वराला आणि वर्तक बागेत जाणारे ज्येष्ठ परतत असतात. घरकामाला येणाऱ्या बायका एका पेठेतलं काम संपवून दुसऱ्या पेठेत पायीच जातात. दुपारी डबे, दवाखाने, बँका. आणि दिवसभर, रात्री अकरा-साडेअकरापर्यंत, स्पर्धा परीक्षांची मुलंमुली: खोली शनिवार पेठेत, अभ्यासिका नारायण पेठेत, खानावळ सदाशिव पेठेत, अशी त्यांची दिवसातून चार-चार वेळा पायपीट असते. त्यात ऑगस्ट २०२३ पासून नदीपलीकडच्या डेक्कन स्थानकावर मेट्रो थांबू लागली, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानकं सुरू झाली. स्थानकापर्यंतचा शेवटचा टप्पा पेठेतल्या माणसानं पायीच गाठायचा आहे. तो टप्पा याच बोळांतून जातो.

धोरण नाही असं आम्ही म्हणत नाही. या शहरानं २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला जातो, आणि त्या दिवशी तिथे चालताना हा रस्ता किती सुंदर आहे ते पहिल्यांदा नीट दिसतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं स्पष्ट केलं. कागद भक्कम आहेत. अडचण अशी की तुमचे सगळे आराखडे रस्त्याच्या लांबीचे असतात आणि आमचं चालणं रस्त्याला आडवं असतं. केळकर, लक्ष्मी, कुमठेकर हे तिन्ही रस्ते पूर्व-पश्चिम जातात. त्यांचे पदपथ, त्यांचं डांबर, त्यांच्या दुभाजकांचा रंग, या सगळ्याची निविदा निघते. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा माणूस त्या निविदेत कुठल्याच ओळीत बसत नाही. आणि मोठा रस्ता खोदला, मिरवणुकीसाठी बंद केला, किंवा खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला, की हेच बोळ ‘पर्यायी मार्ग’ होतात. चालणाऱ्यांची म्हणून वर्षभर कुणी न मोजलेली वाट वाहनांची सोय म्हणून मात्र लगेच आठवते. हे आता मुकाट्यानं सोसणं शक्य नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार: रस्ता ओलांडण्याची

झेब्रा पट्टे चौकात असतात. बोळ चौकात उघडत नाही, तो दोन चौकांच्या मध्ये कुठेतरी उघडतो. बोळातून बाहेर आलेल्या माणसानं शंभर मीटर चालत चौकापर्यंत जावं, तिथे ओलांडावं आणि समोरच्या पदपथानं पुन्हा शंभर मीटर मागे यावं, ही अपेक्षा सत्तरीच्या बाईकडून करणं चूक आहे. ती बाई तसं करत नाही. ती बोळाच्या तोंडाशीच उतरते, दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून पुढे येते आणि हात दाखवत चालू लागते.

आता तिला किती वेळ लागतो बघा. रस्त्यांच्या रचनेत चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबानं १२ मीटरचा रस्ता १० सेकंदांत पार होतो. गुडघे दुखणारी व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर चालते असं धरलं तर तेच अंतर १५ सेकंद घेतं. एवढी मोकळी फट पेठेतल्या संध्याकाळच्या वाहतुकीत मिळत नाही. म्हणून माणूस अर्ध्यात जाऊन थांबतो, आणि मध्ये थांबायला जागा नसल्यामुळे पुढून-मागून दुचाक्या जात असताना जिवाच्या भीतीनं उभा राहतो. एकेरी रस्त्यावर एकाच बाजूला बघून चालायला हवं, पण उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्यांमुळे दोन्हीकडे बघावं लागतं. मान वळवायला त्रास होणाऱ्या माणसाला हे किती कठीण आहे याचा विचार आराखड्यात कुठेही नाही.

उपाय खर्चाचा नाही. बोळाच्या तोंडासमोर पदपथ पार्किंगच्या पट्ट्याइतका, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुमारे २ मीटर, पुढे काढायचा. १२ मीटरचं ओलांडणं ८ मीटरवर येतं आणि त्या बाईचे १५ सेकंद १० वर. दुसरा फायदा त्याहून मोठा: पुढे काढलेल्या पदपथावर उभी असलेली व्यक्ती वाहनचालकाला पूर्ण दिसते. आज दोन मोटारींच्या मधून तिचं फक्त डोकं दिसतं. शाळेतलं मूल असेल तर तेही दिसत नाही.

या दोन पुढे काढलेल्या टोकांना जोडणारा झेब्रा रस्त्याच्या पातळीवर नको, पदपथाच्या पातळीवर उचललेला हवा. लोक त्याला टेबल टॉप म्हणतात. चालणाऱ्याला उतरावं-चढावं लागत नाही, वाहनाला मात्र चढावं लागतं आणि वेग आपोआप कमी होतो. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण चांगली कामं इथेच फसतात. रस्ता उचलला की कडेनं वाहणारं पावसाचं पाणी अडतं आणि नेमकं बोळाच्या तोंडाशी तळं होतं. मग लोकच तक्रार करतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तो उंचवटा फोडला जातो. म्हणून उंचवट्याच्या दोन्ही कडांना, पदपथाला लागून, जाळीची गटार किंवा खालून पाइप सुरुवातीलाच टाकायला हवा, आणि तो वर्षातून एकदा, पावसाआधी, साफ व्हायला हवा.

अजून एक. दोन्ही बाजूंचे बोळ बहुतेक ठिकाणी समोरासमोर नाहीत, वीस-तीस मीटर पुढे-मागे आहेत. अशा वेळी झेब्रा बरोबर मधोमध आखायचा मोह होतो. तसं करू नका. मधला झेब्रा दोन्हीकडच्या माणसांना थोडा-थोडा लांब पडतो आणि कुणीच वापरत नाही. ज्या बोळातून जास्त माणसं बाहेर पडतात त्याच्या तोंडाशी तो हवा. कुठून जास्त पडतात हे ऑफिसात बसून कळणार नाही. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ, दोन दिवस मोजलं की कळेल. आणि जिथे पदपथाला लोखंडी कठडे आहेत तिथे कठड्याची फट या जागेसमोर हवी. बोळातून यावं आणि समोर कठडा लागावा, हे चालणाऱ्याला कोंडून घालणंच आहे.

दुसरी तक्रार: बोळाचं तोंड

पार्किंगचे ‘पी १, पी २’ फलक सम-विषम तारखांचे असतात. बोळाला तारीख नसते, त्याचं तोंड रोज उघडं हवं. आज त्या तोंडाशी काय असतं? चार-सहा दुचाक्या तिरक्या लावलेल्या, त्यांच्या मागे एक हातगाडी, बाजूला वीजपुरवठ्याची फीडर पिलरची पेटी, आणि त्या पेटीवर टेकवलेली जाहिरातीची पाटी.

हिशेब सोपा आहे. दुचाकीचं हँडल सुमारे ७० सेंटिमीटर रुंद, लांबी सुमारे १८० सेंटिमीटर. दोन मीटरच्या बोळात एका भिंतीला समांतर एक गाडी लावली तर सव्वा मीटर उरतो, माणूस आणि व्हीलचेअर जाऊ शकते. दोन्ही भिंतींना लावल्या तर अर्धा मीटर उरतो. हातात पिशवी असलेल्या माणसाला अंग चोरून जावं लागतं, स्ट्रेचर जात नाही. आणि एक गाडी आडवी लावली तर बोळ संपला. पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून रुग्णाला खुर्चीत बसवून खाली आणतात, आणि मग बोळाच्या तोंडाशी आधी दुचाक्या उचलून बाजूला ठेवाव्या लागतात. रुग्णवाहिका मोठ्या रस्त्यावर उभी असते.

वाहन चालवण्याच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पदपथावर आणि पादचारी क्रॉसिंगवर गाडी उभी करता येत नाही. तेव्हा नवा कायदा नको आहे. बोळाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर जमिनीवर पिवळ्या आडव्या पट्ट्या मारा, तिथे ‘चालणाऱ्यांची वाट’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, आणि टोइंगची गाडी मोठ्या रस्त्यावरून जाते तेव्हा तिनं आधी हे तोंड मोकळं करावं. दुकानांसमोरची रांग उचलण्यापेक्षा हे जास्त गरजेचं काम आहे.

तिसरी तक्रार: बोळातून पळणाऱ्या दुचाक्या

बोळात राहणाऱ्यांच्या गाड्या बोळातच येणार. त्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला बोळ कापणाऱ्यांना. वळणावर हॉर्न वाजवत, वेग कमी न करता ते येतात. वाड्याच्या उंबऱ्यातून एक पाऊल बाहेर टाकलं की माणूस थेट चाकासमोर येतो, कारण बोळाला पदपथ नसतो आणि दरवाजा थेट वाटेवर उघडतो.

यावर ‘खांब रोवा’ असा उपाय नेहमी सुचवला जातो. तो का फसतो ते नीट समजून घ्या. व्हीलचेअर जायला खांबांमध्ये निदान ९० सेंटिमीटर मोकळे हवेत. दुचाकीचं हँडल ७० चं आहे. म्हणजे ज्या फटीतून व्हीलचेअर जाते त्यातून दुचाकी जातेच. दुचाकी अडावी म्हणून फट ६० वर आणली तर व्हीलचेअर, बाळाची गाडी, पाण्याच्या बाटल्यांची हातगाडी सगळंच अडतं. नागमोडी कठडे लावले तरी तेच, आणि शिवाय स्ट्रेचर वळत नाही. तेव्हा खांब मोटारी आणि रिक्षा अडवण्यापुरते ठीक आहेत. दुचाकीसाठी वेग कमी करणं हाच मार्ग आहे.

तोही नीट हवा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असतो. बोळात जे घातले जातात ते एक हात रुंदीचे, टोकदार सिमेंटचे उंचवटे असतात. त्यांवर दुचाकीस्वार वेग कमी करत नाही, कडेनं गाडी काढतो, म्हणजे नेमका चालणाऱ्याच्या अंगावर येतो. रबरी पट्ट्यांचा प्रकार त्याहून वाईट. सहा महिन्यांत रबराचे तुकडे निघून जातात आणि जमिनीत नटबोल्ट वर डोकावत राहतात. अंधारात चप्पल अडकून पडायला एक बोल्ट पुरतो. याऐवजी बोळाच्या दोन्ही तोंडांशी पूर्ण रुंदीभर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दगडी फरशीचा सौम्य चढ द्या. कडेनं निसटायला जागा राहत नाही आणि चाकाखालची फरशी बदलली की चालक आपसूक सावध होतो. बोळाच्या आत शिरण्याची दिशा एकच ठेवा. आणि मोठा रस्ता बंद करताना वाहतूक वळवण्याचा जो नकाशा प्रसिद्ध करता, त्यात तीन मीटरपेक्षा अरुंद एकही गल्ली दाखवू नका.

चौथी तक्रार: पायाखालची जमीन

एका बोळात एका वर्षात ड्रेनेजवाले, पाण्याचे, गॅसचे, केबलचे असे चौघे येऊन खोदतात. प्रत्येक जण आपला चर बुजवतो, पण दाबत नाही. खालची माती पाणी देऊन, थर-थर करून धुम्मस न केल्यामुळे पहिल्या पावसात खचते आणि वरचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, वाटीसारखे बसतात. गट्टूवर पाय पडला की एक कोपरा खाली जातो, दुसरा वर येतो आणि खालचं घाण पाणी पायावर उडतं. पेठेतल्या प्रत्येकाला हा गट्टू कुठे आहे ते पाठ झालेलं असतं. पाहुण्याला नसतं.

मग एक दिवस कंटाळून पूर्ण बोळाचं काँक्रीट होतं. जुना थर न खरवडता त्यावरच नवा थर येतो, बोळ पंधरा-वीस सेंटिमीटर वर चढतो, आणि ज्या घरांच्या उंबऱ्याला एके काळी दोन पायऱ्या चढून जावं लागे त्यांना आता एक पायरी उतरून जावं लागतं. पावसाचं पाणी थेट ओसरीवर. चेंबरची झाकणं जुन्या पातळीला राहतात, म्हणजे खड्ड्यात. किंवा त्यांना विटांचा कठडा करून वर आणतात, म्हणजे ठेच लागायला उंचवटा तयार. झाकण आणि जमीन यांत बोटभर फरक असला तरी काठीचं टोक अडकतं आणि छोट्या चाकाची व्हीलचेअर थांबते.

आमचं म्हणणं एवढंच: चारही खात्यांची कामं एका बोळात एकाच वेळी, एकाच चरात. वरचा थर आधी खरवडल्याशिवाय नवा थर नाही. काम संपल्यावर प्रत्येक चेंबरवर दोन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून बघायची, पट्टी डुगडुगली तर बिल थांबवायचं. आणि जिथे पदपथावर चढायचं आहे तिथे रॅम्पला १:१२ चा उतार, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १८० सेंटिमीटर लांबी. दुकानाच्या शटरसमोर लोखंडी पत्रा टाकून केलेला उतार रॅम्प होत नाही. पावसात त्यावरून व्हीलचेअर घसरते.

पाचवी तक्रार: बोळ नाहीसे होणं

ही सगळ्यांत हळू होणारी आणि सगळ्यांत कायमची हानी आहे, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या वाड्यांना पुढचा दिंडीदरवाजा असे आणि मागे दुसऱ्या गल्लीत उघडणारी वाट असे. पिढ्यान्‌पिढ्या लोक वाड्याच्या चौकातून आरपार जात आले. काही वाटा खऱ्या बोळाच्या होत्या, सिटी सर्व्हेच्या नकाशावर दाखवलेल्या. काही फक्त वहिवाटीच्या. वाडा पडला, त्या जागी इमारत उभी राहिली, खाली पार्किंग आलं आणि मागच्या बाजूला लोखंडी फाटक लागलं. फाटकाला कुलूप. एक फाटक बंद झालं की पलीकडच्या गल्लीत जायला अडीचशे मीटरचा वळसा पडतो, आणि तो वळसा हमखास मोठ्या रस्त्यावरून जातो. कुणालाही नोटीस येत नाही, कुठेही नोंद होत नाही. एका सकाळी वाट नसते.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं अखंड, उघडपणे आणि हक्कानं वापरलेल्या वाटेला संरक्षण आहे. पण प्रत्येक बोळासाठी एकेका रहिवाशानं दिवाणी न्यायालयात जावं हा मार्ग असू शकत नाही. हे काम बांधकाम परवानगी देताना, टेबलावरच, होऊ शकतं. पेठांतल्या प्रत्येक बोळाची सिटी सर्व्हे नकाशा हातात घेऊन जागेवर पडताळणी करा, यादी करा, यादी लोकांसमोर ठेवा, हरकती मागवा. ज्या मिळकतीला असा बोळ लागून आहे तिच्या पुनर्विकासाच्या परवानगीत ‘वाट चालू राहील, फाटक लागणार नाही’ ही अट घाला. ज्या खासगी वाटा खुल्या ठेवायला मालक तयार असतील त्यांना काय सवलत द्यायची ते नियमांत बसवून ठरवा. पण ठरवा.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट आहे. पुनर्विकासात नवी इमारत रस्तारुंदीच्या रेषेनुसार मागे सरकते, शेजारचा जुना वाडा मात्र जुन्याच रेषेवर राहतो. गल्लीची कड दातांसारखी पुढे-मागे होते. मागे सरकलेल्या प्रत्येक जागेत, ताबा मिळाल्याच्या आठवड्यात, मोटार उभी राहते. रुंदीकरणाचा एक सेंटिमीटरही चालणाऱ्याला मिळत नाही, कारण पुढचा वाडा आला की पुन्हा जुनीच रुंदी. सलग रुंदी मिळेपर्यंत, म्हणजे कदाचित अजून वीस-पंचवीस वर्षं, हे खाचे चालणाऱ्यांच्या नावे करा. एक बाक, एक झाड, आणि समोरून गाडी आली तर बाजूला उभं राहायला जागा. झाडाला दीड मीटर रुंदीचं मोकळं आळं ठेवा, बुंध्यापर्यंत काँक्रीट नको. आणि बांधकाम चालू असताना वाटेवर वाळू, खडी, राडारोडा आणि पत्र्यांचं कुंपण टाकून निदान १.२ मीटरची मोकळी पट्टी न ठेवणाऱ्याचं काम थांबवा.

दिव्यांचं थोडक्यात: बोळातले दिवे मोठ्या रस्त्याच्या मापाने उंच लावलेले असतात, वळणावर सावली पडते आणि नेमका वळणावरच अंधार असतो. अभ्यासिका सुटल्यावर रात्री अकराला एकट्या चालणाऱ्या मुली म्हणून आतली वाट टाळतात. वळणावर भिंतीवर, साडेतीन-चार मीटर उंचीवर, खाली प्रकाश टाकणारा दिवा लावला की पुरे.

गणेशोत्सवाबद्दल बोलणं नाजूक आहे, पण टाळणार नाही. उत्सव आमचाही आहे. विसर्जनाच्या मिरवणुका लक्ष्मी, कुमठेकर, केळकर आणि टिळक या चार रस्त्यांवरून निघतात, म्हणजे आमच्या वाटेवरचे तिन्ही रस्ते त्या दिवशी आणि त्या रात्री भरलेले असतात. मधल्या पेठेतला आजारी माणूस अशा वेळी फक्त बोळांतूनच बाहेर निघू शकतो. बोळाच्या तोंडाशी बांबूचे कठडे बांधताना त्यांत उघडता येणारी, दीड मीटरची एक जागा ठेवा, तिथे स्वयंसेवक नेमा आणि ती जागा आधी जाहीर करा. मांडवाचे खड्डे उत्सवानंतर आठ दिवसांत बुजले पाहिजेत, मुरुमानं नव्हे, मूळ पृष्ठभागानं.

आमच्या मागण्या

ओंकारेश्वर ते पेरूगेट ही वाट ‘पादचारी प्राधान्य मार्ग’ म्हणून अधिकृतपणे जाहीर करा. ती जिथून जिथे जाते ते नकाशावर रेषेनं दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षी खोदाईची परवानगी देणाऱ्या टेबलाला ती दिसेल.

पहिल्या तीन महिन्यांत खोदाईशिवाय होणारी कामं करा. बोळांच्या तोंडाशी पट्ट्या आणि टोइंग, तिन्ही रस्त्यांवर बोळासमोर झेब्रा, कठड्यांत फट, वळणांवर दिवे, सैल गट्टू आणि चेंबरची झाकणं. सोबत दिशादर्शक पाट्या, अंतर मीटरमध्ये नव्हे, मिनिटांत: ‘पेरूगेट, चालत ८ मिनिटं’. आठ मिनिटं वाचली की माणूस चालायला तयार होतो.

पुढच्या पावसाळ्याआधी तिन्ही ठिकाणी पुढे काढलेला पदपथ आणि उचललेलं क्रॉसिंग, पाण्याच्या निचऱ्यासह. तिन्ही एकदम जमत नसतील तर सुरुवात केळकर रस्त्यापासून करा, कारण शाळेची मुलं तिथे सर्वाधिक ओलांडतात.

बोळांची यादी सहा महिन्यांत प्रसिद्ध करा, आणि ती होईपर्यंत बोळाला लागून असलेल्या कोणत्याही मिळकतीला मागची वाट बंद करणारा नकाशा मंजूर करू नका.

वाटेच्या देखभालीसाठी एक नाव द्या. चार खात्यांची चार नावं नकोत. एक कनिष्ठ अभियंता, ज्यानं महिन्यातून एकदा ही दीड किलोमीटरची वाट पायी चालावी आणि काय दिसलं ते फोटोसह जाहीर करावं.

या सगळ्याचा खर्च एका उड्डाणपुलाच्या एका खांबाशी तुलना करण्यासारखाही नाही, पण म्हणून तो ‘किरकोळ दुरुस्ती’च्या शीर्षाखाली टाकू नका. त्या शीर्षाखालची कामं मार्चअखेरीला घाईनं होतात आणि जूनमध्ये वाहून जातात. अंदाजपत्रकात या वाटेच्या नावानं वेगळी तरतूद हवी, मोजमाप पुस्तिकेत वेगळी नोंद हवी.

या पत्राचं उत्तर तीस दिवसांत लेखी हवं आहे. त्याआधी एक संयुक्त पाहणी करा. शाळा चालू असलेला कुठलाही दिवस, संध्याकाळी साडेपाचची वेळ, सुरुवात ओंकारेश्वराच्या दारातून. गाडी नदीकाठीच ठेवून या. मोजपट्टी, दोन मीटरची सरळ पट्टी, स्टॉपवॉच आणि एक व्हीलचेअर आम्ही घेऊन येतो. व्हीलचेअरवर तुमच्यापैकी एकानं बसावं आणि तिन्ही रस्ते ओलांडून पेरूगेटापर्यंत यावं.

आपले,
शनिवार, नारायण आणि सदाशिव पेठेतून रोज पायी ये-जा करणारे